पत्ता : मिस्टर ग्रुबेनडोल, लंडन

गेल्या अंकात याच सदरात वायुभारमापकावरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी पॅरिसच्या एका संन्याशाचं नाव घेतलं होतं. तोरिचेल्लीचा पाऱ्याच्या नळीचा प्रयोग इटलीतून फ्रान्सला पोचला तो या मर्सेन नावाच्या माणसाच्या पत्रव्यवहारामुळे, एवढंच ते वाक्य. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मला मनापासून आनंद झाला. मी ३२ वर्षं मुंबईत आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टिंग असिस्टंट होते. पत्र लिहिणारा लोकांच्या लक्षात राहतो, वाचणारा राहतो. रात्रपाळीला उभं राहून ते पत्र बरोबर खणात टाकणारं माणूस कुणाला दिसत नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशी मधली माणसं होती, आणि ती नसती तर मोठी नावं आपापल्या गावात बसून राहिली असती, असं माझं ठाम मत आहे.

ताई, तेव्हा ना विज्ञानाची मासिकं होती ना फोन. मग एका देशात लागलेला शोध दुसऱ्या देशात कळायचा कसा, आणि किती दिवसांनी?
– अकरावीची विद्यार्थिनी, डोंबिवली

पत्राने, बाळ. पण एक पत्र एका माणसाला मिळालं म्हणून बातमी पसरत नाही. ते वाचून, नकला करून, ज्यांना त्याची खरी गरज आहे अशा चौघांना पाठवणारं कुणीतरी मधे बसलेलं लागतं. एकाच बातमीचा प्रवास तुला तारखांसकट सांगते.

११ जून १६४४. फ्लॉरेन्सहून तोरिचेल्लीने रोमला आपल्या मित्राला, मिकेलांजेलो रिच्चीला, पत्र लिहिलं. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची, उघडं तोंड बोटाने दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची आणि बोट काढायचं. पारा थोडा उतरतो आणि एका उंचीला येऊन थांबतो. त्याला तिथे तोलून धरते ती बाहेरची हवा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने या पत्रात लिहिलं आहे. रिच्चीकडून ही बातमी पॅरिसला मर्सेनकडे गेली.

मारँ मर्सेन हा मिनिम पंथाचा संन्यासी. पॅरिसमध्ये प्लास रोयालजवळच्या मठात त्याची खोली होती. बातमी कळल्यावर तो स्वतः इटलीत जाऊन तोरिचेल्लीला भेटून आला. परत येऊन प्रयोग करू लागला, तर पाऱ्याचं वजन पेलणाऱ्या चांगल्या काचेच्या नळ्या मिळेनात. तो बोलत राहिला, लिहीत राहिला. १६४६ मध्ये रूआँ शहरात, जिथे काच उत्तम मिळायची, पिएर पेटी आणि २३ वर्षांचा ब्लेझ पास्काल यांनी प्रयोग जमवला. पास्कालला पुढचं सुचलं : हवेच्या वजनानेच पारा उभा राहत असेल, तर डोंगरावर हवा वर कमी उरते, म्हणून तिथे पारा आणखी उतरायला हवा. पॅरिसला डोंगर कुठला! १५ नोव्हेंबर १६४७ ला त्याने क्लेरमाँला आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोराँ पेरिएला, पत्र लिहिलं. तिथे शहराच्या डोक्यावर पुय द डोम हा डोंगर उभा आहे. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए चारदोन गावकऱ्यांसह नळी घेऊन चढला. पायथ्यापेक्षा सुमारे १००० मीटर वर पारा जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर खाली आला होता.

म्हणजे पहिल्या पत्रापासून डोंगरमाथ्यापर्यंत चार वर्षं आणि तीन महिने.

यातली एक गोष्ट मी कधीच विसरत नाही. वर जाण्याआधी पेरिएने एक दुसरी नळी खाली शहरात उभी केली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एका संन्याशाला बसवलं, म्हणजे हवामानाने पारा हलला की काय ते कळावं. तो दिवसभर बसला, पारा जागचा हलला नाही. ती जागा होती क्लेरमाँच्या मिनिम मठाची बाग. मर्सेनचाच पंथ. आणि मर्सेन १ सप्टेंबरला, म्हणजे १८ दिवस आधी, पॅरिसला वारला होता. ज्याच्यामुळे ही बातमी फ्रान्समध्ये आली त्याला तिचा शेवट कळला नाही.

त्याच्या खोलीत ७८ वेगवेगळ्या लोकांची पत्रं सापडली. गॅलिलिओ, तोरिचेल्ली, फर्मा, हायगेन्स अशी नावं त्यात आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त हॉलंडमध्ये सारखी गावं बदलत राहायचा, पॅरिसशी त्याचा संबंध टिकला तो मर्सेनमुळे. तूलूझचा फर्मा न्यायालयात अधिकारी होता, पुस्तक छापायची त्याला हौस नव्हती. त्याचं बरंचसं गणित जगाला पत्रांतूनच कळलं. मर्सेन एकाचा प्रश्न दुसऱ्याला घालायचा, उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचा. १६४१ मध्ये देकार्तचं एक पुस्तक निघण्याआधी त्याने हस्तलिखित जाणकारांकडे फिरवून आक्षेप गोळा केले, आणि ते आक्षेप देकार्तच्या उत्तरांसह त्याच पुस्तकात छापले गेले. हस्तलिखित आधी दुसऱ्यांनी तपासायचं, ही आजच्या संशोधन-नियतकालिकांची रीत. तिचं एक मूळ मला या खोलीत दिसतं.

'किती दिवसांनी' याला एक उत्तर देता येत नाही. न्यूटनने २४ ऑक्टोबर १६७६ तारीख घालून लायब्निट्झसाठी लिहिलेलं मोठं पत्र लायब्निट्झला मिळालं १६७७ च्या उन्हाळ्यात. मधले कित्येक महिने ते लंडनमध्येच होतं. शिवाय तारखांचा घोळ. इंग्लंडमध्ये जुनं कॅलेंडर चालू होतं, फ्रान्स-इटलीत नवं. दोघांत १० दिवसांचं अंतर. पॅरिसहून १० तारखेला निघालेलं पत्र आठवड्याने लंडनला पोचलं, तर तिथे तारीख असायची ७! म्हणून जाणती माणसं दोन्ही तारखा अपूर्णांकासारख्या एकीखाली एक लिहायची. इंग्लंडचं वर्षही २५ मार्चला बदलायचं. तू कधी जुन्या पत्रावर '१६६४/५' असं पाहिलंस, तर ती छपाईची चूक समजू नकोस.

टपालाचं तिकीट नव्हतं, तर पैसे कोण भरायचं?
– निवृत्त बँक कर्मचारी, लालबाग

बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं तो. आपल्याकडच्या 'नॉटपेड' पत्रासारखं. पोस्टमन दारात येऊन पैसे मागतो आणि मग पत्र हातात देतो, तेच. इंग्लंडमध्ये आकार ठरायचा कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर, त्यामुळे पाकीट घातलं तर तो आणखी एक कागद झाला. लोक एकाच कागदावर बारीक अक्षरात, कडेपर्यंत लिहायचे, तोच कागद घडी घालून बाहेरच्या बाजूला पत्ता आणि घडीवर लाखेची मोहोर. तुमच्या-माझ्या पिढीने आंतरदेशीय पत्राच्या घडीवर, डिंक लावायच्या पट्टीपर्यंत, आईला जे लिहिलं ना, तशीच ही पत्रं दिसतात. चिकटवायचं तिकीट इंग्लंडमध्ये १८४० ला आलं.

टपालावर भरवसा नसेल तिथे व्यापारी, वकिलातीतले लोक, प्रवासाला निघालेले विद्यार्थी यांच्या हाती पत्र द्यायचे. गावी निघालेल्या माणसाकडे घरच्यांसाठी पिशवी देण्याची आपली पद्धत यापेक्षा वेगळी नाही.

गॅलिलिओने शोध लावला आणि तो उलटसुलट अक्षरांत लपवून पत्रात पाठवला, असं मी वर्गात सांगते. मुलं विचारतात, लपवायचा होता तर पाठवला कशाला?
– शिक्षिका, विलेपार्ले

मुलांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही त्यांना सांगा की लपवणं आणि पाठवणं ही दोन्ही कामं त्याला एकाच वेळी करायची होती.

१६१० च्या उन्हाळ्यात गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी विचित्र दिसला. मधे मोठा गोळा आणि दोन्ही बाजूंना दोन लहान. खात्री करायला वेळ हवा होता. थांबावं तर दुसरा कुणी आधी जाहीर करणार. म्हणून त्याने ३७ अक्षरांची एक निरर्थक माळ प्रागला तिथल्या तस्कनीच्या राजदूताकडे पाठवली. प्रागलाच केप्लर होता. त्याने ती सोडवायला घेतली आणि भलताच अर्थ काढला : मंगळाला दोन चंद्र आहेत. नोव्हेंबरमध्ये गॅलिलिओने उलगडा केला. लॅटिनमधलं मूळ वाक्य होतं 'सर्वांत उंच ग्रह मी तिहेरी पाहिला'. सर्वांत उंच म्हणजे तेव्हा माहीत असलेला सर्वांत लांबचा ग्रह, शनी. (मंगळाला दोन चंद्र खरोखरच आहेत. ते १८७७ मध्ये सापडले. केप्लरने त्या अक्षरांतून ओढून काढलेला अर्थ योगायोगाने खरा निघाला.) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक माळ प्रागला गेली. तिचा अर्थ : प्रेमाची आई चंद्राच्या रूपांची नक्कल करते. शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत, हा तो शोध.

शनीच्या बाजूचे ते दोन गोळे म्हणजे कडं, हे हायगेन्सने ओळखलं. त्यानेही १६५६ मध्ये आधी फक्त अक्षरं छापली, वर्णमालेच्या क्रमाने लावून, आणि १६५९ मध्ये वाक्य उघड केलं. वर्गात फळ्यावर करून दाखवा. 'शनीला कडे आहे' हे वाक्य घ्या आणि अक्षरं क्रमाने लावा : आ, क, डे, नी, ला, श, हे. ही सात अक्षरं आज पत्रात लिहून ठेवली, तर उद्या वाक्य सांगून सिद्ध करता येतं की मला हे आधी माहीत होतं. आणि आज कुणाला त्यातून काही कळत नाही. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये असाच १४ अक्षरांत कोंडला आणि दोन वर्षांनी सोडला : जेवढा ताण तेवढा जोर.

माझ्या दृष्टीने ही माळ म्हणजे तारखेचा शिक्का. मी रात्री बारा वाजता शिक्क्याचे आकडे बदलायचे तेव्हा माझ्या हाताखालून किती अर्ज, किती निविदा, किती न्यायालयाचे कागद जात असतील, त्यांची अख्खी किंमत त्या गोल ठशात होती. लंडनच्या टपालात तारखेचा शिक्का १६६१ मध्ये सुरू झाला, पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशपने आणला. दिवस आणि महिना, एवढंच त्यावर असायचं. पत्रं वाटेत कुणी दाबून ठेवू नयेत म्हणून. पुढे विद्वानांच्या पत्रांनाही मिळाल्याची तारीख विश्वासाने नोंदून ठेवणारा माणूस मिळाला, त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

इतक्या परदेशी पत्रांवर सरकारचा संशय येत नसे? पत्रं फोडली जात का?
– वाचक, गिरगाव

फोडली जात. आणि एक माणूस त्यासाठी तुरुंगातही गेला.

हेन्री ओल्डेनबर्ग. जन्म जर्मनीतल्या ब्रेमेनचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला, पाचसहा भाषा जाणणारा. रॉयल सोसायटी या लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा सचिव. याने स्वतः कुठला ग्रह शोधला नाही, कुठला नियम मांडला नाही. त्याचं काम पत्रं. डान्झिगचा हेवेलियस, बोलोन्याचा मालपिघी, हॉलंडचा स्पिनोझा, पॅरिसचा हायगेन्स, सगळ्यांना लिहायचं, आलेलं पत्र सभेत वाचायचं, भाषांतर करायचं, नोंदवायचं, उत्तर धाडायचं. मालपिघीने रेशमाच्या किड्याची चिरफाड करून लिहिलेला प्रबंध इटलीहून लंडनला आला आणि १६६९ मध्ये सोसायटीने छापला, तो अशाच एका विनंतीच्या पत्रातून. सुरुवातीची कितीतरी वर्षं या कामाला पगार नव्हता.

६ मार्च १६६५ ला त्याने या पत्रांमधल्या बातम्या छापून काढायला सुरुवात केली. पहिला अंक १६ पानांचा. गुरूवरचा डाग, दुर्बिणीची भिंगं, बर्म्युडाकडची देवमाशाची शिकार, असं सगळं त्यात एकत्र. नाव 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स', आणि ते नियतकालिक आजही निघतं. पॅरिसचं 'जूर्नाल दे सावाँ' दोन महिने आधी, ५ जानेवारीला निघालं होतं, पण त्यात पुस्तकांचा परिचय जास्त.

१६६७ मध्ये इंग्लंड-हॉलंड युद्ध चालू होतं. डच आरमार इंग्लंडच्या नदीत शिरून जहाजं जाळून गेलं, आणि त्याच जूनमध्ये ओल्डेनबर्गला टॉवर ऑफ लंडनमध्ये कोंडलं. परदेशी पत्रांत युद्धाच्या कारभारावर टीका केली हा संशय. ऑगस्टअखेर सुटला. बाहेर येऊन त्याने काय केलं? पुन्हा पत्रं लिहायला बसला. पुढचे अंक पुन्हा निघू लागले.

परदेशी मित्रांनी पत्रावर त्याचं नाव घालू नये म्हणून त्याने एक पत्ता देऊन ठेवला होता : 'मिस्टर ग्रुबेनडोल, लंडन'. इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. Oldenburg, Grubendol. अक्षरं तीच. असा पत्ता माझ्या खणात आला असता तर बीट क्रमांक नाही, रस्ता नाही म्हणून मी तो बाजूला काढला असता. लंडनच्या टपालात मात्र तो बरोबर पोचायचा.

पत्रांतून नुसत्या बातम्याच जात, की दूरदूरच्या लोकांनी मिळून एखादं कामही केलं?
– खगोलमंडळाचा कार्यकर्ता, ठाणे

केलं, आणि फार सुंदर केलं. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स शहरात निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क नावाचा न्यायाधीश होता. आयुष्यात सुमारे १०,००० पत्रं लिहिली त्याने. मार्सेयचं बंदर जवळ, त्यामुळे इजिप्त-सीरियाकडे जाणारे व्यापारी आणि धर्मप्रचारक त्याच्या ओळखीचे.

२८ ऑगस्ट १६३५ ला चंद्रग्रहण होतं. तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी : चंद्रग्रहण सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी घडतं, पण प्रत्येक गावाचं सूर्यावरचं घड्याळ वेगळं असतं. पूर्वी मुंबईची स्थानिक वेळ वेगळी आणि कोलकात्याची वेगळी होती, त्यात सुमारे एक तासाचा फरक. एक तास म्हणजे १५ रेखांश. तेव्हा एकच ग्रहण दोन गावांतून पाहिलं आणि दोन्हीकडच्या वेळा पत्राने जुळवल्या की दोन गावांमधलं पूर्व-पश्चिम अंतर निघतं. पेरेस्कने महिनोन्‌महिने आधी पत्रं लिहून माणसं तयार केली, काय बघायचं, कसं नोंदायचं ते शिकवलं. अलेप्पो, कैरो, इटली, फ्रान्स अशा ठिकाणांहून उत्तरं आली. हिशोब केला तेव्हा भूमध्य समुद्र नकाशात दाखवत होते त्यापेक्षा सुमारे १००० किलोमीटरने आखूड निघाला! शतकानुशतकं जहाजं ज्या नकाशावर चालत होती तो पत्रांनी दुरुस्त केला. पुढच्या ग्रहणाला तुमच्या मंडळाने कोलकात्याच्या एखाद्या मंडळाशी मिळून हे करावं असं मला फार वाटतं. पंचांगातला वेध नको, दोन्हीकडे उन्हातली शंकूची सावली पाहून लावलेलं घड्याळ हवं.

मी आयटीआय केलेला फिटर आहे. मला इंग्रजी नीट येत नाही. त्या काळात लॅटिन न येणाऱ्याला या लोकांनी जवळ केलं असेल का?
– वाचक, कुर्ला

दादा, तुमच्यासाठीच जणू हे उदाहरण आहे. डेल्फ्टचा आंतोनी वान लेव्हनहूक कापडाचा व्यापारी. विद्यापीठात गेला नाही. लॅटिन येत नव्हतं, डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती. बारीकशी भिंगं स्वतः तयार करायचा, धातूच्या पट्टीत बसवायचा, आणि त्याच्या भिंगाइतकं स्पष्ट कुणाचंच दिसत नव्हतं. तुमच्यासारखाच हाताचा कारागीर. १६७३ मध्ये डेल्फ्टच्याच एका डॉक्टरने, रेनिए द ग्राफने, ओल्डेनबर्गला कळवलं की आमच्या गावात असा एक माणूस आहे, त्याला लिहून पाहा. त्याच वर्षी द ग्राफ अवघ्या ३२ व्या वर्षी गेला. पण दार उघडून गेला.

लेव्हनहूकने डचमध्ये लिहायचं, ओल्डेनबर्गने इंग्रजी करून छापायचं, असं सुरू झालं. मिरी तिखट का लागते हे पाहायला त्याने मिरे पाण्यात भिजत घातले होते. त्या पाण्याच्या थेंबात त्याला हलणारे जीव दिसले, इतके लहान की आजवर कुणी पाहिले नव्हते. ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्याने हे सविस्तर लिहिलं. लंडनला विश्वास बसेना. त्याने आठ प्रतिष्ठित माणसांना, त्यात धर्मोपदेशकही होते, भिंगातून दाखवून त्यांच्या सह्यांचे दाखले पाठवले. रॉबर्ट हूकने मिऱ्याचं पाणी करून पाहिलं, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभेत ते जीव सगळ्यांना दिसले.

ओल्डेनबर्ग सप्टेंबरमध्येच वारला होता. मर्सेनच्या वेळी १८ दिवस, याच्या वेळी दोन महिने. हे दोन्ही दिवस मी माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत.

लेव्हनहूकला १६८० मध्ये सोसायटीने सदस्य करून घेतलं. तो ९० वर्षं जगला आणि शेवटपर्यंत डचमध्येच लिहीत राहिला. जीपीओसमोर कबुतरखान्याजवळ छत्र्या लावून पत्रलेखक बसायचे, आठवतं? अडाणी बाई तिच्या बोलीत सांगायची, ते नीट लिहायचे, आणि सांगली असो की सुलतानपूर, पत्र घरी समजायचं. ओल्डेनबर्गने लेव्हनहूकसाठी हेच केलं. तुमच्या मशीनवर तुम्हाला काही नवं दिसलं असेल तर मराठीत लिहा.

यात बायका होत्या का?
– वाचक, बोरिवली

थोड्या, पण दमदार. १६४३ च्या मे महिन्यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, जिचं कुटुंब राज्य गमावून हॉलंडमध्ये आश्रयाला होतं, तिने देकार्तला पत्र लिहून विचारलं : आत्म्याला शरीर नाही म्हणता, मग तो शरीराला हलवतो कसा? देकार्तला समाधानकारक उत्तर देता आलं नाही, तिने पुन्हा विचारलं, आणि हा पत्रव्यवहार पुढे सहासात वर्षं चालला. तिचा प्रश्न आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात तसाच विचारतात.

आपल्याकडे यातलं काही पोचलं का?
– वाचक, माझगाव

ओल्डेनबर्गच्या काळात मुंबई नुकती इंग्रजांच्या हातात आली होती. १६६१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज राजघराण्यांच्या विवाहाच्या कराराने, आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. सोसायटी पूर्वेकडच्या प्रवाशांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्नांच्या याद्या पाठवायची, बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) आलेली अशी उत्तरं १६६७ मध्ये छापली गेली आहेत. आपल्या आकाशातला एक शोधही अशाच टपालाने गेला. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरीला झाँ रिशो नावाचा जेझुइट पाद्री धूमकेतू बघत असताना त्याला नरतुरंगातला मित्र हा तारा जोडतारा असल्याचं दिसलं. मे-जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास, ढग नसतील तर, मित्र मुंबईच्या दक्षिण क्षितिजावर अगदी खाली दिसतो. आणि तुमच्या माझगावचं नातं म्हणजे गोदीचं : वाडिया घराण्यातले जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, पहिले भारतीय.

पत्रासोबत वस्तू पाठवत का? पोचत का?
– वाचक, परळ

बिया, कीटक, भिंगं, दगड, सगळं पाठवत. पोचण्याबद्दल एकच सांगते. १६७४ मध्ये लेव्हनहूकने लंडनला पाठवलेल्या एका पत्राला कागदाच्या छोट्या पुड्या चिकटवल्या होत्या. बूच, झाडाचा गाभा, गाईच्या डोळ्याची वाळलेली दृष्टीची नस, यांचे त्याने स्वतः वस्तऱ्याने कापलेले पातळ काप त्यात होते, ओल्डेनबर्गने पाहावेत म्हणून. पत्र वाचलं गेलं, फायलीत लागलं. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड नावाचे संशोधक सोसायटीच्या संग्रहात ती पत्रं चाळत होते, तेव्हा पुड्या त्यांच्या हाताला लागल्या. काप जसेच्या तसे होते. त्यांनी ते लेव्हनहूकच्याच एका जुन्या भिंगाखाली धरले, आणि बुचाच्या पेशी दिसल्या.